गाडीचं निम्मं गाडीबाहेर

पॅरिसमध्ये ६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर्तक्युरियाल या लिलाव कंपनीने साठेक जुन्या मोटारी विक्रीला काढल्या. त्यातली एक फेरारी, पूर्वी अलँ दलाँ या नटाकडे असलेली, १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो आकडा छापला, धुळीने माखलेल्या बॉनेटचे फोटो छापले. या मोटारी पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतवाडीवर कित्येक दशकं पडून होत्या. काही उघड्या छपरांखाली गंजत होत्या, तर फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दडली होती. त्या जमवल्या रोजे बायों यांनी. हा माणूस मालवाहतुकीच्या धंद्यातला, म्हणजे मुळात ट्रकवाला. १९५० च्या दशकापासून भंगारात निघालेल्या मोटारी उचलायच्या आणि पुढे संग्रहालय काढायचं, असा त्यांचा बेत होता. धंदा अडचणीत आला, १९७९ मध्ये काही गाड्या विकल्या गेल्या, उरलेल्या जिथल्या तिथे राहिल्या.

लिलावाच्या बातम्या वाचताना जुने ट्रक शोधून आणणाऱ्या आमच्या क्लबातल्या मंडळींचं लक्ष भलतीकडेच होतं. चाकं जमिनीत रुतलेली, छप्पर खाली आलेलं, ब्रेक धरलेले, आणि पत्रा इतका पातळ झालेला की बोटाने भोक पडावं. अशा गाड्या आतून बाहेर आणल्या कशा? हातोडा पडताना फोटो निघतो. त्याआधी कुणीतरी चिखलात उताणं पडून धुऱ्याला साखळी बांधलेली असते, त्याचा निघत नाही. मी सांगतोय ते त्या साखळीबद्दल.

मी राहतो इंग्लंडमध्ये, ल्यूटनजवळ. बेडफर्ड ट्रक ज्या गावात बनले ते हे गाव. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली ती बेडफर्डच होती, लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या सीटची. इथे नोकरीला आलो तेव्हा हे डोक्यात होतं की नव्हतं हे आता सांगता येणार नाही, पण कारखान्याच्या जुन्या कामगारांशी ओळखी झाल्या आणि त्यांच्याबरोबर मीही या नादात शिरलो. दुसऱ्या महायुद्धात बेडफर्डने सुमारे अडीच लाख ट्रक बांधले. त्यातला क्यूएल हा चारही चाकांना जोर असलेला, चपट्या तोंडाचा तीन टनी ट्रक १९४१ ते १९४५ या काळात ५२ हजारांहून अधिक संख्येने तयार झाला. युद्ध संपल्यावर सैन्याने यातले सगळे परत नेले नाहीत. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमध्ये ते लिलावात निघाले आणि शेतकऱ्यांनी, लाकूडवाल्यांनी, जत्रेच्या पाळणेवाल्यांनी घेतले. पुढे नवे ट्रक आले आणि हे कोठारात गेले. तिथून ते आणायला आम्ही जातो.

जातो ते स्वतःच्या ट्रकने. अठरा टनी, दोन धुऱ्यांचा, मागचा भाग उतरता, पुढे विंच. साडेसात टनी ट्रक स्वस्त पडतो आणि त्याला वेगळा परवानाही बऱ्याच जणांना लागत नाही. १ जानेवारी १९९७ पूर्वी ज्यांनी इथे मोटारीची परीक्षा दिली त्यांना साडेसात टनांपर्यंतची मुभा त्यातच मिळाली आहे. पण विंच आणि रॅम्प धरून त्या ट्रकचं स्वतःचं वजन वजा केलं की मालासाठी तीनेक टन उरतात. क्यूएल रिकामी असतानाच तेवढी भरते. शिवाय सुटे भाग, हत्यारं, लाकडाचे ठोकळे. म्हणून मी मोठ्या ट्रकची परीक्षा दिली.

आता कायदा. खासगी ट्रक म्हणजे भाडं न घेणारा ट्रक. ब्रिटनमध्ये माल वाहून पैसे कमावणाऱ्याला, किंवा स्वतःच्या धंद्याचा माल नेणाऱ्यालाही, वाहतूकदाराचा परवाना काढावा लागतो. आपलीच वस्तू, आपल्याच हौसेसाठी, आपल्याच ट्रकमधून आणली तर तो लागत नाही. ही सूट धरून आमचं सगळं उभं आहे, आणि ती फार नाजूक आहे. मित्राची गाडी फुकट आणून दिली तर चालतं. त्याने त्याबद्दल पैसे दिले की ते भाडं झालं. आणलेली गाडी नफ्याने विकायचा क्रम सुरू झाला की धंदा झाला. म्हणून आमच्या क्लबात एक नियम आहे आणि तो मोडलेला मला चालत नाही: डिझेलचेसुद्धा पैसे घ्यायचे नाहीत. एका सभासदाने एकदा परतल्यावर माझ्या केबिनमध्ये पाकीट ठेवलं होतं. मी ते त्याच संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिलं. तो नाराज झाला. "अरे, डिझेल माझ्या गाडीसाठी जळलं ना?" त्याचं म्हणणं माणूस म्हणून बरोबरच होतं. पण रस्त्यावर तपासनीस विचारतो, "या फेरीचे पैसे कोणी दिले?" त्याला सरळ डोळ्यांत बघून उत्तर देता यायला हवं.

तो प्रश्न खरंच येतो. फ्रान्समध्ये एका महामार्गावर आम्हाला बाजूला घेतलं. इंग्लंडचा अठरा टनी ट्रक, वर काहीतरी ताडपत्रीत बांधलेलं, आणि दारावर कंपनीचं नाव नाही. वाहतुकीचा परवाना मागितला. नाही. भाडेपत्र? नाही. तरुण तपासनीसाची भुवई वर गेली. मी फाइल पुढे केली: माझ्या नावाची खरेदीची पावती, क्लबचं पत्र फ्रेंच भाषांतरासह, विम्याचे कागद. मग त्याने टॅकोग्राफचं कार्ड यंत्रात घातलं. मी किती वेळ चालवलं, किती वेळ थांबलो हे त्यात उमटतं. खासगी फेरी असली तरी साडेसात टनांच्या वर टॅकोग्राफ चुकत नाही. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला ९ तासांच्या वर साधारणपणे जायचं नाही, रात्रीची विश्रांती पुरी करायची. माझ्या कार्डावर ते सगळं नीट होतं. पण त्याआधीचे दिवस कोरे.

"मधले दिवस तुम्ही काय करत होता?" त्याने विचारलं.

हा प्रश्न पोटापाण्यासाठी रोज ट्रक चालवणाऱ्याला कधी पडत नाही. नियम असा की दुसरीकडे केलेली नोकरीही कामात धरतात, मग ती टेबलापाशी बसून केलेली का असेना. माणूस दिवसभर दुसरीकडे राबून रात्री ट्रकवर बसू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. त्यामुळे कार्यालयातल्या कामाच्या तासांची नोंद मी कागदावर लिहून बरोबर ठेवतो. ती दाखवली. त्याने ती ओळ न ओळ वाचली. मग ताडपत्री उचलून आत बघितलं, पट्टे हाताने ओढून पाहिले, आणि बाजूंवर व मागे चिकटवलेले स्टिकर मोजले. २०२१ पासून फ्रान्समध्ये साडेतीन टनांवरच्या गाड्यांना, ट्रकवाल्याला आरशात न दिसणारी जागा कुठे आहे हे सायकलवाल्यांना सांगणारे स्टिकर लागतात. नसले तर दंड. आमचे होते. त्याने सलाम केला आणि सोडलं. या तपासणीचा मला कधी राग आला नाही. अठरा टनांचं धूड कुणाच्या हातात आहे हे विचारलंच पाहिजे.

नॉर्मंडीतल्या ज्या फेरीतून मी सगळ्यात जास्त शिकलो, ती आता सांगतो.

कान शहराच्या नैर्ऋत्येला बोकाज म्हणतात तो मुलूख आहे. लहान लहान शेतं, त्यांच्याभोवती मातीचे उंच बांध, बांधांवर दाट झाडी, आणि दोन बांधांच्या मधून खाली गेलेले अरुंद रस्ते. १९४४ च्या उन्हाळ्यात याच बांधांनी रणगाडे अडवले होते. आमचा ट्रक तिथे शिरणं शक्य नव्हतं. पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीने उतरून आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो, ट्रक गावाच्या चौकात लावला आणि हत्यारं शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून वाडीवर गेलो. बरोबर माझा नेहमीचा जोडीदार, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर.

गाडीची मालकीण पंचाहत्तरीची बाई. सासऱ्यांनी युद्धानंतर ही क्यूएल लिलावात घेतली. साइडरची सफरचंदं, मग लाकूड, मग चारा असं काय काय वाहिलं, आणि १९६० च्या दशकात कधीतरी ती कोठारात लावली ती कायमची. निघण्याआधी फोनवर मी तिला एकच विनंती केली होती: गाडी धुऊ नका. तिला ते पटलं नव्हतं. "मळलेली वस्तू कुणाच्या हातात द्यायची आमच्याकडे पद्धत नाही," ती म्हणाली होती. मी कारण सांगितलं. ब्रिटिश सैन्याच्या प्रत्येक लॉरीला इंग्रजी एल अक्षराने सुरू होणारा नंबर होता, आणि तो रंगाने लिहिलेला असायचा. पुढच्या मालकांनी त्यावर आपला रंग मारला. एकावर एक बसलेल्या त्या थरांच्या खाली जुना नंबर अजून असतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला तर सुटत आलेले पोपडे सगळेच एकदम उडतात आणि त्यांच्याबरोबर गाडीची ओळखही जाते. तिने ऐकलं. गाडीवर कोंबड्यांची शिट, कोळ्यांची जाळी, गवताचा भुगा, सगळं जसंच्या तसं होतं. त्याबद्दल ती आम्ही पोचल्यापोचल्याच माफी मागत होती.

कोठारात शिरलो तर जोडीदार दारातच थांबला. छताची एक तुळई मोडून खाली आली होती आणि गाडीच्या हौद्यावर टेकली होती. म्हणजे गाडी छपराखाली उभी नव्हती, गाडीने छप्पर धरलं होतं. ती ओढली असती तर अर्धं कोठार खाली आलं असतं. फोटोत हे दिसलेलं नव्हतं, कारण फोटो पुढून काढले होते.

शुक्रवारचा पूर्ण दिवस गाडीला हात लावला नाही. गावातल्या गवंड्याकडून स्लॅबखाली लावतात तसले लोखंडी टेकू आणले, खाली फळ्या घातल्या, आणि तुळईचं वजन हळूहळू टेकूंवर घेतलं. जॅकचा एक आटा फिरवायचा, थांबायचं, वर बघायचं, कान द्यायचा. लाकूड बोलतं, आणि जोडीदाराला ते ऐकू येतं. संध्याकाळी हौदा आणि तुळई यांच्यात हात जाईल एवढी फट पडली तेव्हा त्या बाईने सगळ्यांना साइडर दिली.

शनिवारी गाडी. इतकी वर्षं उभी असलेली गाडी हलवताना इंजिनकडे बघायचंच नसतं. प्रश्न चाकांचा असतो. मागच्या धुऱ्यातले हाफ शाफ्ट बोल्ट काढून बाहेर ओढले की मागची चाकं गिअरबॉक्सपासून सुटतात, मग त्या चाकांपुरता गिअर अडकलेला असला तरी बिघडत नाही. तीन चाकं मोकळी झाली. पुढचं उजवं धरून बसलं. ड्रमच्या आत ब्रेकचं अस्तर गंजून चिकटलेलं. समायोजनाचा स्क्रू सैल केला, तेल सोडलं, ड्रमच्या कडेने गोल फिरत हातोड्याचे हलके ठोके. जोरात मारायचं नाही, बीडाचा ड्रम तडकतो आणि तो आता कुठे मिळत नाही. दोन तासांनी एक बारीक कट्ट आवाज आला आणि चाक बोटभर फिरलं.

ओढायला वाकडी वाट. आमचं विंच दूर चौकात, ट्रॅक्टर दारासमोर सरळ येईना. तेव्हा तिरफोर काढला. हे हाताने चालवायचं विंच. दांडा पुढेमागे हलवायचा आणि पोलादी दोर आतून थोडाथोडा सरकतो. फ्रान्समधल्या वाड्यांवर हे यंत्र अजून सर्रास दिसतं. समोरच्या ओक झाडाला रुंद पट्टा गुंडाळला, साल सोलू नये म्हणून खाली गोणपाट, मध्ये पुली घालून दोर दुहेरी केला. पुलीमुळे ताकद दुप्पट आणि वेग निम्मा होतो, आणि अशा कामात कमी वेग हाच फायदा असतो. दोरावर मधोमध जाड घोंगडी टाकली. ताणलेला दोर तुटला तर उसळून येतो, घोंगडी त्याला खाली दाबते. दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे मी तिथल्या पोरांना तीनतीनदा सांगितलं.

गाडी उजेडात यायला दुपार झाली. हिरवा, त्यावर निळा, त्यावर पुन्हा हिरवा. गल्लीतून ट्रॅक्टरने सावकाश चौकात, रॅम्पवरून विंचने वर. मग बांधणी. ब्रिटनमधला नियम असा की बांधणीने पुढच्या दिशेला मालाचं पूर्ण वजन पेललं पाहिजे, मागच्या दिशेला आणि बाजूंना निम्मं. पट्ट्यावरच्या निळ्या चिठ्ठीवर तो किती ताण सोसतो ते छापलेलं असतं. त्यावरून हिशेब करायचा, अंदाजाने नाही. पट्टे मी धुऱ्यांना घेतो, चासीला नाही. चासीला घेतले तर वाटेत स्प्रिंगचे पाटे दबतात आणि पट्टे सैल पडतात. चाकांपुढे-मागे ठोकळे खिळवायचे. सगळ्यावर ताडपत्री. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताण बघायचा, कारण नवी बांधणी बसते.

हे सगळं होईपर्यंत शनिवारची संध्याकाळ झाली. आणि फ्रान्समध्ये साडेसात टनांवरच्या मालवाहू गाड्यांना शनिवारी रात्री १० पासून रविवारी रात्री १० पर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते. बंदरापर्यंत पोचून बोट मिळणं शक्य नव्हतं. रविवार तिथेच काढावा लागणार होता.

व्यावसायिक वाहतूकदार असता तर हा रविवार उगवलाच नसता. त्याच्यावर माझा काही राग नाही, त्याला पुढचं भाडं गाठायचं असतं. गाडी चाकांवर फिरणारी हवी, रस्त्याच्या कडेला हवी, अर्ध्या तासात चढायला हवी, ही त्याची अट रास्त आहे. पण त्या अटीत फक्त गाडी येते. आणि जुन्या गाडीचं निम्मं गाडीबाहेर असतं.

रविवारी दुपारी तिने जेवायला बोलावलं. मुलगा, सून, शेजारचे दोन शेतकरी, आम्ही दोघं. जेवण चार तास चाललं. तिसऱ्या पदार्थानंतर जोडीदार हात धुवायला परसात गेला तो बराच वेळ आला नाही. मी बघायला गेलो तर तो फाटकापाशी गुडघ्यावर बसलेला. फाटक बंद ठेवायला जी लोखंडी दांडी अडकवली होती ती क्यूएलचं इंजिन हाताने फिरवायचं हॅंडल होतं. मग आम्ही सगळेच उठलो. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार म्हणजे डाव्या बाजूच्या हत्यारपेटीची झडप. नाल्यावरून पलीकडे जायला टाकलेली फळी म्हणजे हौद्याचा मागचा पाट, बिजागऱ्यांसकट. साइडर गाळायच्या खोलीत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर तेलकट फडक्यात बांधून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले. सासऱ्यांनी उंदरांच्या भीतीने काढून ठेवले असावेत. सैन्याच्या कंत्राटाची माहिती कोरलेली धातूची पाटी, जी अशा गाड्यांतून हटकून चोरीला जाते, ती स्वयंपाकघरातल्या कपाटावर दोन स्क्रूंनी बसवलेली होती, शोभेला. साठ वर्षं त्या घरातल्या बायकांनी ती दर शनिवारी पुसली होती.

पाटी तिने लगेच काढून दिली. फाटकाच्या दांडीवर मात्र ती थबकली. "मग रात्री फाटक कसं लावू?" जोडीदाराने वाडीच्याच वर्कशॉपमध्ये एक सळई शोधली, ऐरणीवर वाकवली, टोकं घासली, आणि अंधार पडायच्या आत नवी कडी बसवून दिली. तिने ती लावून-काढून बघितली आणि जुनी आमच्या हातात ठेवली.

मग मुलगा वर जाऊन एक खण घेऊन आला, कपाटातून ओढून काढलेला अख्खा खण. बियाण्यांच्या पावत्या, लसीकरणाची कार्डं, आजोबांचं सैन्यातलं पुस्तक, आणि तळाशी चौघडी केलेला कागद: लिलावाची पावती, शाईत, त्यावर सैन्याचा नंबर. गाडी ठरवताना तिने मला सांगितलं होतं की कागदपत्रं काहीच नाहीत. तिला तसंच वाटत होतं. घरातले कागद कुठे असतात हे रविवारी जेवल्यावरच आठवतं.

आमच्यातले काही जण याहून लांब जातात. माल्टाच्या बेटावर जुन्या ब्रिटिश चासींवरच्या बस ३ जुलै २०११ पर्यंत रोजच्या सेवेत होत्या, आणि त्यानंतर एकदम थांबल्या. तिथून गाडी आणायची तर सिसिलीची बोट, मग अख्खी इटली, मग फ्रान्स. ते लोक सांगतात तेही हेच, की बसपेक्षा तिच्या चालकाचं घर गाठणं महत्त्वाचं, कारण आरसे, पाट्या, हॉर्न तो घरी नेतो.

रात्री दहानंतर निघालो. सीमेवरचं काम १ जानेवारी २०२१ पासून बदललं आहे. त्याआधी ब्रिटन युरोपीय व्यवस्थेत होता, बोटीवर चढायचं आणि घरी यायचं. आता फ्रान्समधून निर्यातीची नोंद, ब्रिटनमध्ये आयातीची नोंद, आणि दोन्ही ट्रकच्या नंबराशी जोडलेल्या हव्यात, नाहीतर बंदराच्या आत घेत नाहीत. कस्टम एजंट आधी गाठावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचा आकडा ९७०५. जकातीच्या यादीत संग्राह्य वस्तूंचा हा वर्ग. किमान ३० वर्षं जुनी, आता बनत नसलेल्या मॉडेलची, चासी-इंजिन-स्टिअरिंग-ब्रेक यांत मोठा बदल न झालेली गाडी या वर्गात बसली तर जकात शून्य आणि मूल्यवर्धित कर ५ टक्के. नाहीतर कर २० टक्के आणि वर जकात. आपल्याला दिसतं की ही १९४० च्या दशकातली गाडी आहे. कारकुनाला कागद लागतो. त्या खणातली पावती मी एजंटला बोटीवरूनच फोटो काढून पाठवली. पुढे काही अडचण आली नाही. परतल्यावर १४ दिवसांच्या आत गाडी आल्याचं करखात्याला कळवायचं, ते केलं.

हिवाळाभर जोडीदार केबिनच्या बाजूला बसून रंग घासत होता. बारीक पॉलिश पेपर, पाणी, नखाएवढी जागा. वरचा हिरवा, मग निळा, मग शेतीचा हिरवा, मग सैन्याचा तपकिरी. त्याच्यात पांढरा एल उमटला, मग एक सात. पुढचे आकडे यायला कित्येक आठवडे गेले. शेवटचा आकडा निघाला तेव्हा त्याने पावतीची प्रत शेजारी धरून फोटो पाठवला. दोन्ही नंबर एकच. त्या जोरावर क्लबने गाडीच्या वयाचं पत्र दिलं आणि नोंदणी खात्याने वर्षाला साजेसा नंबर दिला. कार्ब्युरेटर बिस्किटाच्या डब्यातलाच बसवला आहे. हॅंडल सीटमागच्या कप्प्यात.

रविवारच्या त्या जेवणात शेजारच्या शेतकऱ्यांपैकी एकाने सांगितलं होतं की त्याच्या मेहुण्याच्या वाडीवर अक्रोडाच्या झाडाखाली अजून एक बेडफर्ड आहे, लहान, पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टनी. झाड तिच्या हौद्यातून वर आलं आहे. मालक झाड तोडायला तयार नाही, आणि मलाही ते तोडायचं नाही. जोडीदाराचं म्हणणं, हौदा बोल्ट काढून चार तुकड्यांत सोडवता येईल आणि चासी पुढे ओढता येईल. त्याने बोल्टांच्या मापाचे पाने वेगळे काढून ठेवले आहेत. शुक्रवारच्या रात्रीची बोट बघतोय, म्हणजे रविवार तिथेच जाईल.